पीक विम्याचे आकडे चावडीवर वाचा

पीक विम्याची रक्कम खात्यावर जमा झाली की गावात दोन प्रश्न हमखास ऐकू येतात. पहिला, ‘तुला किती आले?’ आणि दुसरा, ‘शेजारच्या मंडळाला आपल्यापेक्षा जास्त कसे?’ पहिल्याचे उत्तर मोबाईलवरच्या संदेशात असते. दुसऱ्याचे उत्तर गावात कोणापाशीच नसते. तलाठ्याला विचारले तर तो कृषी खात्याकडे बोट दाखवतो, कृषी खाते कंपनीकडे, आणि कंपनीचा तालुक्याचा माणूस फोन उचलेल याची हमी नाही. शेवटी सगळे जण ‘वरून तसे आले’ यावर समाधान मानतात आणि पुढच्या हंगामाच्या तयारीला लागतात.

पण हा आकडा वरून येत नाही. तो आपल्याच शिवारात, आपल्याच एखाद्या भावकीच्या रानात, दोरी आणि काटा लावून काढला जातो. शिवारातून निघालेला आकडा पुणे, मुंबई, दिल्ली फिरून रुपयांच्या रूपाने परत येतो, आणि मधल्या प्रवासात ज्याच्या रानातून तो निघाला त्यालाच तो कोणी दाखवत नाही. आजचा विषय हा आहे.

आधी हिशेब नीट समजून घेऊ. आपला पीक विमा हा प्रत्येकाच्या स्वतंत्र शेताचा विमा नाही, तो क्षेत्राचा विमा आहे. महसूल मंडळ हे साधारणत: विम्याचे एकक धरतात. त्या मंडळात त्या पिकाचे यंदाचे सरासरी उत्पादन किती आले हे एका बाजूला ठेवायचे आणि दुसऱ्या बाजूला उंबरठा उत्पादन ठेवायचे. उंबरठा म्हणजे मागच्या सात वर्षांतल्या चांगल्या पाच वर्षांची सरासरी काढून तिचा जोखीमस्तराइतका हिस्सा. आपल्या राज्यात जोखीमस्तर सत्तर टक्के धरला जातो. यंदाचे उत्पादन या उंबरठ्याच्या खाली गेले, तर जितके खाली गेले तितक्या प्रमाणात भरपाई.

नुसते सूत्र सांगून डोक्यात बसत नाही, म्हणून एक उदाहरण घेतो. आकडे समजण्यापुरते मानलेले आहेत. समजा एका मंडळात सोयाबीनचे सात वर्षांचे हेक्टरी उत्पादन १३५०, ६००, १२००, ११००, १२५०, ४५० आणि ११०० किलो आहे. यातली दोन पडेल वर्षे सोडली तर उरलेल्या पाचांची सरासरी १२०० किलो येते. तिचे सत्तर टक्के म्हणजे ८४० किलो. हा झाला उंबरठा. यंदा कापणी प्रयोगात सरासरी ६३० किलो निघाले. तूट २१० किलोची, म्हणजे उंबरठ्याच्या पंचवीस टक्के. विमा संरक्षित रक्कम हेक्टरी ५० हजार असेल तर भरपाई १२ हजार ५०० रुपये. गणित चौथीच्या पोराला जमेल इतके सोपे आहे. फक्त त्याला लागणारे दोन आकडे, उंबरठा आणि यंदाचे उत्पादन, आपल्या हातात नसतात.

आता हे ६३० किलो कुठून आले ते बघा. सोयाबीन, ज्वारी, बाजरीसारख्या पिकात साधारणत: दहा मीटर बाय पाच मीटरचा तुकडा आखतात. शेत कोणते घ्यायचे ते यादृच्छिक आकड्यांच्या तक्त्यावरून ठरते. शेतात गेल्यावर नैर्ऋत्य कोपऱ्यापासून किती पावले लांबीने आणि किती रुंदीने जायचे, तेही तक्त्यावरूनच. मग खुंट्या ठोकायच्या, दोरी ताणायची, आतले पीक कापायचे, मळायचे आणि वजन करायचे. पन्नास चौरस मीटरचा तुकडा म्हणजे हेक्टरचा दोनशेवा भाग. म्हणून काट्यावर आलेल्या वजनाला दोनशेने गुणतात. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे मंडळ हे एकक असेल तर एका पिकासाठी किमान दहा प्रयोग व्हायला हवेत.

दोनशेने गुणतात, हे वाक्य जरा पुन्हा वाचा. काट्यावर तीन किलो दीडशे ग्रॅम आले तर हेक्टरी ६३० किलो होतात. त्याऐवजी तीन किलो चारशे ग्रॅम लिहिले गेले, म्हणजे पाव किलोच जास्त, तर हेक्टरी ६८० होतात. दहाही प्रयोगांत असा पाव किलोचा फरक पडला तर तूट २१० ऐवजी १६० किलोची राहते आणि भरपाई १२ हजार ५०० वरून सुमारे साडेनऊ हजारांवर येते. हेक्टरी जवळजवळ तीन हजार रुपये गेले. मंडळात त्या पिकाचे पाच हजार हेक्टर विमा उतरवलेले असेल तर दीड कोट रुपये. पाव किलोचे दीड कोट! बाजार समितीत पाव किलोसाठी आपण हमालाशी वाद घालतो, आणि इथे काट्याजवळ उभे राहायलाही जात नाही.

पाव किलो चुकायला कोणाची लबाडी लागते असेही नाही. ओलावा पुरेसा आहे. परतीच्या पावसात कापलेले, वीस टक्के ओलावा असलेले सोयाबीन तीन किलो चारशे ग्रॅम भरले, तर बारा टक्क्यांपर्यंत वाळल्यावर ते तीन किलो नव्वद ग्रॅमच राहते. म्हणजे नोंदवलेले वजन ओले की वाळलेले एवढ्या एका प्रश्नावर मंडळाची भरपाई वरखाली होते. काटा बरोबर आहे का, तुकडा मोजून आखला की अंदाजाने, दोरीवर आलेली झाडे आत धरली की बाहेर, ज्याच्या रानात प्रयोग आहे तो घरी होता का, याही बाबी तेवढ्याच महत्त्वाच्या. ज्या कर्मचाऱ्यावर हे काम असते त्याच्याकडे त्याच आठवड्यात पंचनामे, अनुदानाच्या याद्या आणि एखादी निवडणूकही असते. घाईत काय होते ते सांगायला नको.

ही पद्धत काही कोणी कागदावर बसून उगाच काढलेली नाही. कापणी प्रयोगाचे शास्त्र बसवणाऱ्यांत वि. गो. पानसे आणि पां. वा. सुखात्मे ही दोन नावे पहिली येतात. सुखात्मे तर सातारा जिल्ह्यातल्या बुधचे. कृषी विद्यालयांत आणि महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या त्यांचेच संख्याशास्त्राचे पुस्तक वापरले गेले. क्षेत्र धरून विमा द्यावा, हा विचार पुण्याच्या वि. म. दांडेकरांनी १९७६ साली मांडला. एकेका शेताची पाहणी करत बसलो तर खर्चही झेपणार नाही आणि वशिल्यालाही वाव राहील, त्यापेक्षा सारख्या हवापाण्याचा टापू धरून सरासरीवर भरपाई द्यावी, असा त्यांच्या म्हणण्याचा गाभा. १९८५ च्या खरिपात देशात सर्वंकष पीक विमा योजना सुरू झाली ती याच पायावर. पुढे १९९९-२००० च्या रब्बीपासून राष्ट्रीय कृषी विमा योजना आली आणि २०१६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीक विमा योजना. नावे बदलली, हप्त्याचे दर बदलले, खासगी कंपन्या आल्या, पण काटा आणि दोरी तीच राहिली. सरासरीची पद्धत विश्वासावर चालते, आणि विश्वास बसायला आकडा उघड्यावर असावा लागतो. एवढा भाग मात्र या चाळीस वर्षांत मागेच राहिला.

देशाच्या महालेखापरीक्षकांनी २०११ ते २०१६ या काळातल्या पीक विमा योजना तपासल्या आणि २०१७ साली अहवाल संसदेपुढे ठेवला. त्यात सुमारे सहा हजार शेतकऱ्यांना विचारपूस केली होती. योजना कोणती, हप्ता किती, जोखीम कोणती, हे माहीत असणारे निघाले फक्त ३७ टक्के. विमा उतरवलेल्या शेतकऱ्यांची स्वत:ची यादी ना केंद्राकडे होती ना राज्यांकडे. आणखी एक गोष्ट त्या अहवालात होती तिच्याकडे फारसे कोणी पाहिले नाही. खासगी विमा कंपन्यांना एवढा सरकारी पैसा जातो, पण त्यांचे हिशेब महालेखापरीक्षकांनी तपासण्याची सोय योजनेतच नव्हती.

मग कंपन्यांवर देखरेख कोणाची? विमा धंद्याचे नियमन करणारे प्राधिकरण १९९९ च्या कायद्याने झाले, त्याचे मुख्यालय हैदराबादला आहे. प्रत्येक कंपनीला आपले हिशेब, आलेले दावे, दिलेले दावे, आलेल्या तक्रारी यांची माहिती दर तिमाहीला जाहीर करावी लागते. ती कंपनीच्या संकेतस्थळावर असतेही. पण ती सबंध कंपनीची. त्यात तुमचा जिल्हा सापडत नाही, तालुका तर नाहीच. योजनेचे नियम दिल्लीच्या कृषी मंत्रालयाचे. निविदा, पिके, मंडळे आणि कंपनी ठरवणारा शासन निर्णय राज्याचा. जिल्ह्यात समितीवर जिल्हाधिकारी. इतक्या जणांच्या हातात दोरीचे एकेक टोक आहे, आणि प्रत्येकाकडे थोडीथोडी माहिती आहे. गावाला मात्र सेवा केंद्रातून मिळालेली पावती, एवढीच.

बरे, माहिती गोळाच होत नाही असे म्हणावे तर तेही खरे नाही. कापणी प्रयोगाची नोंद हल्ली मोबाईल ॲपवर होते. जागेचे अक्षांश-रेखांश, तुकड्याचे छायाचित्र, वजन, सगळे तिथल्या तिथे भरले जाते आणि राष्ट्रीय पोर्टलवर चढते. कंपनीचा प्रतिनिधी प्रयोगाला हजर राहू शकतो. आकडा पटला नाही तर कंपनी हरकत घेते, आणि ती हरकत प्रसंगी राज्याच्या आणि केंद्राच्या तांत्रिक समितीपर्यंत नेते. म्हणजे एका पक्षाला आकडा दिसतो, त्यावर बोलता येते आणि वरपर्यंत दाद मागता येते. दुसऱ्या पक्षाला, ज्याचे पीक गेले त्याला, निकालाच्या दिवशी रक्कम कळते. काटा दोघांचा आणि तराजूकडे बघण्याची मुभा एकालाच, हा व्यवहार कोणत्या बाजारात चालतो?

धाराशिव जिल्ह्याचे उदाहरण आठवत असेल. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये परतीच्या पावसाने सोयाबीन पाण्यात गेले. महसूल खात्याने पंचनामे केले. पण बहात्तर तासांच्या आत नुकसानीची सूचना दिली नाही म्हणून फार मोठ्या संख्येने शेतकऱ्यांना भरपाई नाकारली गेली. प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून अधिक शेतकऱ्यांना भरपाई द्यावी असा निकाल झाला. पुढे ते सर्वोच्च न्यायालयापर्यंतही पोचले. त्यात शेतकऱ्यांच्या बाजूने उभा राहिला तो सरकारी पंचनाम्याचा कागद. कागद होता म्हणून न्यायालयात बोलता आले. ज्या मंडळाचा कापणी प्रयोगाचा कागदच कोणी पाहिलेला नाही, त्याने न्यायालयात काय ठेवायचे?

हा प्रश्न आता जास्त निकडीचा झाला आहे त्याला कारण आहे. २०२३ च्या खरिपापासून राज्यात एक रुपयात पीक विमा होता. दीड कोटींच्या वर अर्ज आले. त्यात बोगस अर्जही घुसले, आणि २०२४ च्या खरिपातले काही लाख अर्ज खोटे निघाल्याचे सरकारनेच सांगितले. दुसऱ्याच्या जमिनीवर, सरकारी जमिनीवर, न पेरलेल्या पिकावर विमा. मग २०२५ च्या खरिपापासून एक रुपयाची सवलत गेली आणि शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला दोन टक्के, रब्बीला दीड टक्का आणि नगदी पिकांना पाच टक्के झाला. त्याच वेळी पेरणी न होणे, हंगामातली प्रतिकूल परिस्थिती, स्थानिक आपत्ती आणि काढणीनंतरचे नुकसान ही जादा संरक्षणेही राज्याने काढून टाकली. त्या हंगामात भरपाईचा सगळा भार कापणी प्रयोगावर येऊन पडला. आणि नेमका त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात आणि सोलापुरात नद्यांनी पात्र सोडले. पूर्वी बहात्तर तासांची का होईना, एक वाट होती. त्या हंगामात ज्याचे रान खरवडून गेले त्याचीही भरपाई दहा तुकड्यांच्या सरासरीवरच टांगली गेली.

बोगस अर्जांचेच बघा. ते शोधायला यंत्रणा बसवावी लागली, ई-पीक पाहणीशी मेळ घालावा लागला, शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा करावा लागला. हे सगळे चांगलेच. पण गट नंबर, पीक, क्षेत्र आणि विमेदाराचे नाव एवढी यादी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली असती, तर गायरानावर कांदा कोणी दाखवला हे गावाने चहा संपायच्या आत सांगितले असते. गावाइतकी स्वस्त पडताळणी कोणत्याही उपग्रहाला जमणार नाही.

उपग्रहाचे नाव निघालेच आहे तर तेही सांगतो. २०२३ च्या खरिपापासून भात आणि गव्हाच्या उत्पादनात तंत्रज्ञानाने काढलेल्या अंदाजाला किमान तीस टक्के वजन द्यायचे, असे केंद्राने ठरवले. २०२४ पासून सोयाबीनही त्यात आले. मला यात वावगे वाटत नाही. माणसाच्या हातून जी हयगय होते ती यात टळेल. पण काट्याजवळ निदान उभे तरी राहता येत होते. उपग्रहाच्या आकड्याजवळ उभे कसे राहायचे? म्हणून काटा किती म्हणाला, उपग्रह किती म्हणाला आणि दोन्ही मिसळून किती धरले, हे तिन्ही आकडे वेगवेगळे जाहीर व्हायला हवेत. फळबागांच्या हवामान विम्यातही हेच. महावेध प्रकल्पात राज्यात दोन हजारांवर स्वयंचलित हवामान केंद्रे बसली. भरपाई केंद्राच्या तापमान-पावसावर अवलंबून असेल तर ते केंद्र कोणत्या गटात आहे, झाडाखाली आहे की उघड्यावर, आणि त्या दिवशी त्याने काय नोंदवले, हे बागायतदाराला हंगाम चालू असतानाच दिसले पाहिजे. बाग वाळल्यावर दाखवून काय उपयोग?

पैशाच्या बाजूचीही एक गोष्ट गावाला माहीत असावी. २०२० साली बीड जिल्ह्यासाठी कंपनी मिळेना तेव्हा तिथे वेगळी पद्धत काढली, तिला बीड पॅटर्न म्हणतात. २०२२ च्या खरिपापासून ती राज्यभर लागू झाली. जिल्ह्याचा एकूण हप्ता, म्हणजे शेतकऱ्याचा, राज्याचा आणि केंद्राचा मिळून, शंभर कोटी असेल तर कंपनी एकशेदहा कोटींपर्यंत भरपाई देणार, त्याच्यावरची सरकार देणार. आणि भरपाई साठच कोटी झाली तर कंपनीने वीस कोटी स्वत:कडे ठेवायचे आणि उरलेले वीस कोटी राज्याला परत करायचे. पद्धत वाईट नाही. पूर्वी वाचलेले सगळे कंपनीच्या खिशात जात होते. पण मग आपल्या जिल्ह्याचा हप्ता किती झाला, भरपाई किती वाटली, कंपनीकडे किती राहिले आणि राज्याकडे किती परत आले, या चार आकड्यांची चौकट याच पानावर दर हंगामाला छापून यायला काय हरकत आहे? बाजारभाव रोज छापतो, धरणाचा साठा रोज छापतो. हे चार आकडे वर्षातून दोनदा छापायचे आहेत.

आता नाण्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर ‘हा सरकारी माणूस असून आमचीच री ओढतो’ असे होईल. गावेही काही कमी नाहीत. प्रयोगाच्या दिवशी पुढारी मंडळी जमतात आणि ‘साहेब, जरा कमीच लिहा’ असा आग्रह होतो. नवीन पोरगा असेल तर त्याला घेराव घातल्यासारखे उभे राहतात. प्रयोगाचा गट चांगला निघाला तर शेजारचे खराब रान दाखवतात. हे करताना एक विसरते. यंदाचा खोटा कमी आकडा पुढच्या सात वर्षांच्या हिशेबात बसतो. पाच चांगली वर्षे निवडतात म्हणून एखादे खोटे वर्ष गळून जाईल, पण दरसाल हेच केले तर उंबरठाच खाली जातो आणि खऱ्या दुष्काळात भरपाई मिळत नाही. म्हणून मला गाव काट्याजवळ हवे आहे ते दबावासाठी नको, साक्षीला हवे आहे. सरपंच, पोलीस पाटील, दोन जाणते शेतकरी, सोसायटीचा एखादा संचालक आणि ज्याचे शेत तो. कंपनीचा माणूसही असू द्या. सगळ्यांदेखत वजन करायचे आणि सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. त्यात कर्मचाऱ्याचेही भले आहे. चार सह्या असल्या की वरून कोणी आकडा बदलायला सांगितले तरी त्याला नाही म्हणता येते.

आपल्याकडे चावडी वाचन ही जुनी चाल आहे. २०१७ साली संगणकीकृत सातबाऱ्याच्या चुका काढायला राज्यभर चावडी वाचन झाले आणि लोकांनी आपापल्या नोंदी ऐकून हरकती दिल्या. तेच विम्याला लावायचे आहे. वर्षाला किमान चार ग्रामसभा घ्याव्याच लागतात. महाराष्ट्रदिनाच्या सभेत गेल्या सात वर्षांचे मंडळाचे उत्पादन आणि उंबरठा वाचून दाखवा, म्हणजे हप्ता भरायचा की नाही हे डोळसपणे ठरेल. स्वातंत्र्यदिनाला विमेदारांची यादी वाचा. कापणीच्या दोन दिवस आधी दवंडी द्या, हल्ली दवंडी म्हणजे गावाचा व्हॉट्सअ‍ॅप गट, पण मंदिराच्या कर्ण्यावरूनही सांगा, कारण म्हाताऱ्या माणसांकडे तोच पोचतो. गट नंबर आधी फोडला तर कोणी त्या रानात ढवळाढवळ करील, असा आक्षेप खात्यात घेतला जातो. दोन दिवसांत उभ्या पिकाचे कोणी काय करणार आहे? वजन झाले की त्याच दिवशी ते फळ्यावर लिहा. आणि प्रजासत्ताकदिनाच्या सभेला मंडळाची सरासरी, मंजूर दावे आणि नामंजूर दाव्यांची कारणे. यादीत आधार क्रमांक आणि बँकेचे खाते येता कामा नये, ते कोणाचेही खासगीच राहिले पाहिजे.

यासाठी नवीन कायदा लागत नाही. माहिती अधिकार कायदा २००५ च्या कलम ४ मध्ये अनुदानाच्या कार्यक्रमांची रीत, वाटलेली रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील कार्यालयांनी आपणहून जाहीर करावा असे लिहिले आहे. विम्याच्या हप्त्यात सरकारचे अनुदान आहेच. कंपनी खासगी आहे म्हणून माहिती देता येत नाही, असे उत्तर मिळाले तर त्याच कायद्याचे कलम २ दाखवा. खासगी संस्थेची जी माहिती दुसऱ्या एखाद्या कायद्याखाली सरकारी कार्यालयाला मिळवता येते, तीही ‘माहिती’ या शब्दात धरली आहे. आणि कापणी प्रयोगाचे आकडे तर कंपनीचे नाहीतच, ते सरकारनेच काढलेले आहेत.

सरपंच आणि ग्रामपंचायतीच्या मंडळींना एक सांगणे. (ग्रामसेवकाचे आता ग्रामपंचायत अधिकारी झाले, तलाठ्याचे ग्राम महसूल अधिकारी आणि कृषी सहायकाचे सहायक कृषी अधिकारी. पाट्या बदलल्या, काम तेच आहे.) तुमच्याकडे फळा आहे, त्यावर घरपट्टीची थकबाकी लिहिता, तसा विम्याचा एक कोपरा आखा. आकडे आले नाहीत तर कोपरा रिकामा ठेवून त्यावर ‘तालुक्याकडून आले नाहीत’ असे तारखेसह लिहा. रिकामा कोपरा बघून येणारा-जाणारा विचारील, आणि तुमच्यावरचा बोल टळेल.

शेतकऱ्यांनी काय करायचे? आकडे मिळत नसतील तर तालुका कृषी कार्यालयाच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा. कोऱ्या कागदावर लिहा, दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावा, दारिद्र्यरेषेखालच्यांना तेही नको. आपल्या राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयावर आणि दीडशे शब्दांच्या आत हवा. पाल्हाळ नको. ‘अमुक महसूल मंडळात खरीप अमुक साली सोयाबीन पिकाच्या झालेल्या सर्व कापणी प्रयोगांचे गट नंबर, दिनांक, नोंदवलेले वजन, वजन ओले की वाळलेले, उपस्थितांच्या सह्या असलेल्या तक्त्यांच्या प्रती आणि मंडळाचे उंबरठा उत्पादन द्यावे,’ एवढेच लिहा. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर त्याच कार्यालयातल्या वरिष्ठांकडे पहिले अपील. भरपाईला उशीर झाला असेल तर ऑक्टोबर २०१८ पासूनच्या सुधारित सूचनांत कंपनीला बारा टक्के व्याजाची तरतूद केलेली आहे, त्याची विचारणा वेगळ्या अर्जाने करा. तक्रार फोनवर नोंदवायची तर १४४४७ हा क्रमांक आहे. तक्रारीचा क्रमांक मिळाल्याशिवाय फोन ठेवू नका, आणि तो पावतीच्या मागे लिहून ठेवा.

अर्ज हाताने दिला तर पोच घ्या, त्यावर तारीख आणि शिक्का बघून घ्या. गावातून एकाच मंडळासाठी वीस जणांनी वीस अर्ज करण्यात अर्थ नाही. एकाने करावा, मिळालेल्या कागदांच्या प्रती काढाव्यात आणि एक संच ग्रामपंचायतीत ठेवावा. सात वर्षांचे कागद साठले की पुढच्या वर्षीचा उंबरठा तुम्हालाच काढता येईल, आणि शासन निर्णयात छापलेल्या आकड्याशी तो जुळतो का तेही पाहता येईल.